गाडी चकाचक, पण कागदांचे काय?

रोज सकाळी गाडी पुसून घेणाऱ्या आपल्याला तिचा विमा, पीयूसी आणि नोंदणीची मुदत मात्र नाकाबंदीत अडवल्यावरच आठवते. ही कागदपत्रे पोलिसांना दाखवण्यासाठी आहेत, हाच मुळात आपला गैरसमज आहे.

सकाळी साडेसहाला कोणत्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये जा. बादली आणि फडके घेऊन एक मुलगा एकामागून एक गाड्या पुसत असतो. बोनेटवर डाग राहिला, तर मालक वरून गॅलरीतूनच हाक मारतात, ‘अरे, डाव्या बाजूला राहिलंय बघ.’ महिन्याचे काही शे रुपये आपण या चकाकीसाठी बिनतक्रार देतो. त्यात वाईट काही नाही. हप्ते फेडून घेतलेली वस्तू नीट ठेवावीशी वाटणारच.

मीही त्यातलाच. माझी गाडी रोज पुसली जायची. एका रविवारी टोलनाक्याच्या पुढे नाकाबंदीत थांबवले. हवालदारांनी गाडीचा नंबर फोनमध्ये टाकला आणि शांतपणे म्हणाले, ‘साहेब, विमा संपून पाच महिने झालेत.’ माझा विश्वासच बसेना. स्वतःच्या फोनवर पाहिले, तर खरेच होते. त्या पाच महिन्यांत मी रोज कामावर जाऊन आलो होतो, मुलीला क्लासला सोडत होतो आणि दोनदा गावीही जाऊन आलो होतो. दंड भरला, त्याच दिवशी पॉलिसी घेतली. दंडाचे दुःख दोन दिवसांत गेले. मनात राहिला तो प्रश्न वेगळाच: या पाच महिन्यांत माझ्या गाडीखाली कोणी आले असते तर?

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. गाडीची चकाकी आपल्यासाठी असते. गाडीचे कागद दुसऱ्यासाठी असतात. म्हणूनच बहुधा पहिली गोष्ट आपण विसरत नाही आणि दुसरी सहज विसरतो.

१,७५८ रुपयांची गोष्ट

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरमध्ये एका पोर्शे गाडीने दुचाकीला धडक दिली आणि आयटी क्षेत्रात काम करणाऱ्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता, असे पोलिसांनी सांगितले. त्या प्रकरणातील रक्ताचे नमुने, निबंध, जामीन यांवर भरपूर चर्चा झाली. एक तपशील मात्र त्या गदारोळात बाजूला पडला. त्या महागड्या गाडीची कायम नोंदणी झालेलीच नव्हती. परिवहन विभागाच्या म्हणण्यानुसार त्यासाठीचे १,७५८ रुपये शुल्क भरायचे राहिले होते. गाडी इलेक्ट्रिक असल्याने रस्ता कर माफ होता. उरली होती ती फक्त ही किरकोळ रक्कम.

म्हणजे कागद राहतात ते नेहमी पैशांअभावी नाही. ‘बघू नंतर’ या सवयीने राहतात. ती सवय महागड्या गाडीच्या मालकाला असते, तशीच दहा वर्षे जुनी हॅचबॅक चालवणाऱ्यालाही असते.

थर्ड पार्टी म्हणजे नेमके कोण?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. यातली ‘थर्ड पार्टी’ म्हणजे आपण आणि विमा कंपनी सोडून तिसरा माणूस. रस्ता ओलांडणारी आजी, सायकलवरचा शाळकरी मुलगा, समोरचा दुचाकीस्वार. हा विमा आपल्या गाडीचा एक ओरखडाही भरून देत नाही. तो फक्त त्या तिसऱ्या माणसासाठी आहे.

त्याची किंमत समजून घेण्यासाठी एक हिशेब करू. समजा, अपघातात ३४ वर्षांचा एक भाजीविक्रेता दगावला. महिन्याची कमाई १५ हजार. घरी बायको, दोन मुले आणि आई. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई ठरवताना सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांतील सूत्र वापरते: २००९ चा सरला वर्मा निकाल आणि २०१७ चा प्रणय सेठी निकाल.

वर्षाची कमाई १,८०,००० रुपये. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगार करणाऱ्याची कमाई पुढे वाढली असती, म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे: २,५२,०००. अवलंबून असलेली माणसे चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा करायचा: १,८९,०००. ३१ ते ३५ वयोगटासाठी गुणक १६. उत्तर येते ३०,२४,००० रुपये. अंत्यसंस्कार आणि इतर ठरावीक रकमा आणि व्याज वेगळे.

आता दुसरी बाजू पाहा. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीसाठी ३,४१६ आणि त्यावर ७,८९७, कर वेगळा. मधल्या गटातली गाडी धरली, तर ३० लाख २४ हजार म्हणजे साडेआठशेहून अधिक वर्षांचा हप्ता झाला.

विमा असेल, तर ही रक्कम कंपनी देते. मृत्यू वा दुखापतीच्या भरपाईला थर्ड पार्टी विम्यात कमाल मर्यादा नाही. विमा नसेल, तर गाडीच्या मालकाने द्यायची. गाडी मुलगा चालवत होता, मित्राने मागून नेली होती, ड्रायव्हर होता, हे सांगून मालकाची सुटका सहसा होत नाही. आणि दिली नाही, तर कायद्याच्या कलम १७४ नुसार ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते. म्हणजे विषय थेट घर आणि सातबाऱ्यापर्यंत पोहोचतो.

पण मला यातली आपली बाजू दुय्यम वाटते. खरा प्रश्न त्या चार माणसांचा आहे. मालकाकडे ३० लाख नसतातच. मग न्यायालयाचा निकाल हातात घेऊन ती विधवा वर्षानुवर्षे फिरत राहते. विमा न काढणारा माणूस वाईट असतो असे नाही. पण त्याच्या विसरण्याची किंमत तो स्वतः मोजत नाही, हे खरे आहे.

विना विमा गाडी चालवल्यास पहिल्यांदा २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ३० लाखांपुढे २,००० रुपये म्हणजे काहीच नाही. दंडाच्या भीतीने विमा काढायचा असेल, तर तो विसरला जाणारच.

विमा नेमका केव्हा विसरतो?

नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. दुचाकीसाठी पाच वर्षांचा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून ही पद्धत सुरू झाली. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र बहुतेक वेळा एकच वर्षाचा असतो. त्यामुळे एकाच पॉलिसीवर दोन वेगवेगळ्या तारखा येतात. पहिल्या वर्षानंतर ‘आपला विमा तीन वर्षांचा आहे’ म्हणून आपण निर्धास्त राहतो आणि स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण संपते. तीन वर्षांनी थर्ड पार्टीही संपतो, तोवर शोरूममधून येणारे फोन थांबलेले असतात.

पॉलिसी उघडा आणि दोन्ही तारखा पाहा. विमा संपून ९० दिवस उलटले, तर इतकी वर्षे दावा न केल्याबद्दल साठलेली सवलतही जाते. ही सवलत पाच वर्षांत स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत पोहोचते. म्हणजे आळसाचा खर्च दोन्हीकडून.

एक आणखी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी लग्नसराईत किंवा पर्यटकांना ‘डिझेल आणि वरचे काही’ म्हणून भाड्याने दिली जाते. खासगी गाडीची पॉलिसी भाड्याच्या वापरासाठी नसते. त्या फेरीत अपघात झाला, तर हातात पॉलिसी असूनही भरपाईवरून वाद उभा राहतो.

विकलेली गाडी अजून तुमच्याच नावावर?

गाडी विकली, पैसे घेतले, कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या, की आपण मोकळे झालो असे वाटते. तसे होत नाही. २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण होते. गाडी एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या हातात गेली होती. आरटीओच्या नोंदीत मात्र पहिल्याच मालकाचे नाव राहिले होते. अपघात झाला आणि न्यायालयाने सांगितले, नोंदीत ज्याचे नाव तोच मालक. भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली.

कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकली, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलून घ्यायचे असते. काम एजंटाकडे दिले असेल, तरी महिन्याभराने आपल्या फोनवर नंबर टाकून मालकाचे नाव बदलले की नाही, एवढे तरी पाहावे. जुन्या गाडीचे चलान नव्या मालकाच्या चुकीमुळे आपल्याला येऊ लागले, म्हणजे नाव बदललेले नाही, हे ओळखायचे.

पीयूसी: बाहेरून स्वच्छ, मागून काळी

गाडी धुतली म्हणजे ती स्वच्छ झाली का? मागच्या नळीतून काळा धूर निघत असेल, तर नाही. ती आपल्यापुरती स्वच्छ आहे. मागच्या दुचाकीवर बसलेल्या माणसासाठी घाणच आहे.

नव्या गाडीला पहिले वर्ष पीयूसी लागत नाही. त्यानंतर बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांच्या प्रमाणपत्राची मुदत १२ महिने, त्याआधीच्या गाड्यांसाठी सहा महिने. बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांना पीयूसी नाही. प्रमाणपत्र नसेल, तर केंद्रीय कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्स तीन महिने अपात्र ठरण्याची तरतूद आहे. जागेवर घेतली जाणारी तडजोडीची रक्कम राज्यानुसार वेगळी असते.

पीयूसी आणि विमा यांच्या नात्यात एक बोधप्रद वळण आले. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीशिवाय विम्याचे नूतनीकरण करू नये, असे सांगितले होते. हेतू हवा स्वच्छ करण्याचा होता. पण त्यामुळे पीयूसी नसलेल्या गाड्या विम्याविनाच फिरू लागल्या, तर अपघातग्रस्तांचे काय, असा प्रश्न उभा राहिला. अखेर जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने ती अट काढली. आता पीयूसी नसली, तरी विमा काढता येतो. ‘पीयूसी संपली म्हणून विमा राहिला’ ही सबब त्यामुळे उरलेली नाही.

पीयूसीचा सोपस्कार झाला आहे, ही तक्रार खरी आहे. गाडी न नेता फोटोवर प्रमाणपत्र ‘करून देणारे’ असतात आणि ते घेणारेही आपणच असतो. त्यापेक्षा धुराकडे पाहायला शिकावे. डिझेल गाडीतून काळा धूर येत असेल, तर बहुधा एअर फिल्टर तुंबलेला असतो किंवा इंजेक्टरचे काम निघालेले असते. निळसर धूर म्हणजे इंजिनात ऑइल जळत आहे. थंडीच्या सकाळी पांढरी वाफ येणे नेहमीचे. पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर कूलंट आत जाते आहे का, ते मेकॅनिककडून पाहून घ्यावे. यातली प्रत्येक दुरुस्ती इंधनही वाचवते.

सीएनजी किट नंतर बसवले असेल, तर त्याची नोंद आरसीवर आणि विम्यात हवी. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. डिकीत सामानाखाली तो दिसत नाही, म्हणून तारीखही लक्षात राहत नाही.

आरसीला आणि लायसन्सलाही वय असते

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे मूळ शुल्क ५,००० रुपये झाले. वीस वर्षांपुढील गाड्यांना ते त्याहून जास्त आहे. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. वडिलांची जुनी गाडी प्रेमाने जपणाऱ्या घरांत हा खर्च आणि ही तारीख, दोन्ही अचानक समोर येतात.

लायसन्सचेही तसेच. तिशीच्या आत काढलेले लायसन्स चाळिशीपर्यंत चालते. ३० ते ५० या वयात काढले किंवा नूतनीकरण केले, तर दहा वर्षे. ५० ते ५५ मध्ये केले, तर साठीपर्यंत. ५५ नंतर पाच-पाच वर्षे. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवसांची सूट होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती गेली. मुदतीच्या आधी एक वर्ष आणि नंतर एक वर्षापर्यंत नूतनीकरण करता येते. त्यानंतर पुन्हा गाडी चालवण्याची चाचणी. मात्र मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून गाडी चालवणे बेकायदाच.

घरातल्या ज्येष्ठांचे लायसन्स एकदा हातात घेऊन पाहा. ‘मी चाळीस वर्षं गाडी चालवतोय,’ असे म्हणणाऱ्या काकांचे लायसन्स कधीच संपलेले असते आणि ते घरात कोणालाच माहीत नसते.

आणि किल्ली अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातात देऊ नका. त्याने गुन्हा केला, तर कलम १९९अ नुसार पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. ‘फक्त सोसायटीच्या गेटपर्यंत’ म्हणून दिलेली किल्ली तिथेच थांबत नाही.

‘दादा’, काळी काच आणि लिंबू-मिरची

४१४१ हे आकडे असे वळवायचे, की ‘दादा’ वाचता यावे. ही आपल्याकडची जुनी हौस. त्यात गंमत वाटते. पण पळून जाणाऱ्या गाडीचा नंबर रस्त्यावर पडलेल्या माणसाला वाचता आला पाहिजे, यासाठी ती पाटी असते. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट (एचएसआरपी) कारखान्यातूनच येते. त्याआधीच्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात मुदतीमागून मुदत वाढवली गेली. मोटारीसाठी दर ७४५ रुपये आणि जीएसटी. त्यावर अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेझरने कोरलेला क्रमांक असतो आणि ती काढली की लॉक तुटतो, त्यामुळे चोरीच्या गाडीवर दुसऱ्याची पाटी लावणे अवघड होते.

दसऱ्याचा झेंडूचा हार आठवडाभर नंबरप्लेटवर लोंबत राहतो. लिंबू-मिरची नेमकी आकड्यांपुढे बांधलेली असते. पावसाळ्यात कोकणातून आलेल्या गाडीच्या पाटीवर लाल मातीचा थर असतो. हार घालावा, लिंबूही बांधावे. फक्त नंबर मोकळा ठेवावा.

काचांचा नियम सोपा आहे. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने काचांवर वरून फिल्म चिकटवण्यास मनाई केली. उन्हासाठी बाजारातली काळी फिल्म लावून घेतली, तर रात्री पावसात बाजूने येणारा पादचारी आपल्याला दिसत नाही. चलान त्या मानाने किरकोळ गोष्ट.

समोर बसवलेला स्टीलचा जाड गार्ड, म्हणजे बुलबार, यावरही केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितले. धडकेत गाडीचा पुढचा भाग चेपून जोर शोषून घेतो. गार्डमुळे ते नीट होत नाही, एअरबॅगच्या कामातही अडथळा येऊ शकतो आणि समोरच्या माणसाला तर लोखंडच लागते.

मग धुवायचे काय?

गाडी धुण्याला माझा विरोध नाही. क्रम बदलावा, एवढेच म्हणणे आहे. बोनेटच्या आधी काच. पुढची काच बाहेरून आणि आतूनही पुसा. आतून जमलेला तेलकट थर समोरच्या दिव्यांचा झोत पसरवतो आणि काही क्षण काहीच दिसत नाही. मग हेडलाइट, मागचे दिवे, इंडिकेटर, आरसे, नंबरप्लेट. वायपरचे रबर दर पावसाळ्याआधी पाहा. टायरच्या खाचांत मध्ये छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला, म्हणजे खाच १.६ मिलिमीटरवर आली. तो बदलायचा, कितीही चकचकीत काळा रंग लावलेला असला तरी.

पाण्याचा हिशेब स्वतःच करा. १५ लिटरची बादली तुमच्या पाइपखाली धरा. ती एका मिनिटात भरत असेल आणि गाडी दहा मिनिटे धुतली जात असेल, तर १५० लिटर गेले. दोन बादल्यांत तेच काम ३० लिटरमध्ये होते. मे महिन्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीत हा फरक सांगायला सभा घ्यावी लागू नये. पावसाळ्यानंतर मात्र एकदा गाडीचा खालचा भाग, चाकांच्या कमानी पाण्याने नीट धुवून घ्या. कोकणात, गोव्यात, समुद्राकाठी गाडी फिरली असेल, तर जरूरच. गंज तिथून सुरू होतो.

हे सगळे हातातल्या फोनवर

ज्या फोनवर हा लेख वाचत आहात, त्यावरच दहा मिनिटांत तपासणी होते. एम-परिवहन अॅपमध्ये गाडीचा नंबर टाकला, की विमा, पीयूसी आणि नोंदणी कधीपर्यंत आहे ते दिसते. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधील आरसी आणि लायसन्स मूळ कागदाइतकेच ग्राह्य धरले जातात. गॅलरीत ठेवलेला फोटो मात्र तसा चालत नाही, हे लक्षात ठेवा.

पॉलिसी फोनवरून स्वस्तात विकत घेतली असेल, तर तिच्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करा आणि काही दिवसांनी अॅपमध्ये तिची नोंद झाली का, ते पाहा. बनावट पॉलिसी म्हणजे पैसे देऊन विना विमा फिरणे.

‘तुमचे चलान बाकी आहे’ असा संदेश व्हॉट्सअॅपवर आला आणि सोबत एखादी फाइल उघडायला सांगितली, तर उघडू नका. तशा फाइलमधून फोनचा ताबा घेऊन बँक खाते रिकामे करण्याचे प्रकार होतात. चलान पाहायचे, तर स्वतः सरकारी संकेतस्थळ किंवा अॅप उघडून पाहा. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का, ते तपासा.

‘आधी खड्डे बुजवा’

हे सगळे सांगितले, की उत्तर ठरलेले असते. आधी रस्त्यावरचे खड्डे बुजवा, मग आमचे कागद मागा. रागात तथ्य आहे. रस्ता कर आपण गाडी घेतानाच भरतो. नंबरप्लेटसाठी तारीख मिळवताना, आरटीओत नूतनीकरणाला जाताना लोकांचे हाल होतात. सरकारजवळ प्रत्येक गाडीची विम्याची तारीख आहे, मालकाचा मोबाइल नंबर आहे. चलानाचा संदेश लगेच येतो. मग विमा संपण्याआधी आठवणीचा संदेश नेमाने का येऊ नये? ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. दंड वसूल करण्यापेक्षा विमा उतरवून घेणे, हे यशाचे माप असायला हवे.

पण खड्ड्यांचा राग त्या भाजीविक्रेत्याच्या कुटुंबावर काढता येत नाही. खड्डा सरकारचा, विमा माझा. एकाने आपले काम केले नाही, म्हणून दुसऱ्याची सुटका होत नाही.

आपल्याकडे यासाठी एक दिवस आधीच ठरलेला आहे. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, दसऱ्याला गाडी धुवून, हळद-कुंकू लावून, हार घालून नारळ वाढवला जातो. ज्या साधनावर आपले पोट आणि जीव अवलंबून आहे, त्याची वर्षातून एकदा विचारपूस करायची, हाच त्यामागचा अर्थ. त्या दिवशी हार घालण्याआधी पाच तारखा पाहायच्या: विमा, पीयूसी, आरसी, घरातल्या प्रत्येकाचे लायसन्स आणि सीएनजी असेल, तर सिलिंडरची चाचणी. प्रत्येक तारखेच्या महिनाभर आधीची आठवण फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकायची. घरातल्या मोठ्यांच्या गाडीचेही आपणच पाहायचे.

दसऱ्याची वाट मात्र पाहू नका. माझा विमा पाच महिने संपलेला होता आणि गाडी रोज पुसली जात होती. तुमच्या गाडीचा नंबर तुम्हाला पाठ आहे. आत्ताच टाकून पाहा.